हातची सजावट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांतील बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात : हौसेने केलेली वस्तू टिकत का नाही? म्हणून या अंकात नक्षी आणि रंगसंगतीविषयीची पत्रे बाजूला ठेवून कामटी, कागद, खळ, पुठ्ठा आणि दोरा यांच्याविषयी विचारणाऱ्या वाचकांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वडील चाळीच्या गॅलरीत बसून दरवर्षी कामट्यांचा आकाशकंदील करीत असत. ते गेल्यानंतर गेल्या दिवाळीत मी आणि माझ्या मुलाने प्रथमच तसा कंदील करून पाहिला. सांगाडा उभा राहिला, पण उचलला की तिरपा होई. कागदाला सुरकुत्या पडल्या आणि भाऊबीजेच्या आधीच एक बाजू फाटली. आमचे नेमके कोठे चुकले? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपला सांगाडा तिरपा होत होता, यात आपल्या हाताचा दोष फार थोडा आहे. सहा चौकोनांचा पारंपरिक कंदील मुळातच डळमळीत असतो आणि त्याला ताठपणा नंतर द्यावा लागतो. चार कामट्या टोकांशी बांधल्या की होणारा चौकोन कोपऱ्यांतून दबतो आणि शंकरपाळ्यासारखा होतो. त्रिकोण मात्र तसा दबत नाही. एक चौकोन वर, एक खाली आणि मधले चार टोकांवर उभे, असे सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की त्यांच्यामध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, आणि या आठ त्रिकोणांमुळे सांगाडा पक्का झाला असे वाटू लागते. प्रत्यक्षात सहाही चौकोन अजून मोकळेच असतात, त्यामुळे सगळा सांगाडा पीळ दिल्यासारखा फिरतो. यावर उपाय असा की, प्रत्येक चौकोनात समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारा साधा पांढरा दोरा फुलीसारखा ताणून बांधावा. वरच्या चौकोनात मात्र दोऱ्याऐवजी दोन कामट्यांची फुली घालावी, कारण दिव्याचा होल्डर तिलाच अडकवायचा असतो. एवढे केले की सांगाडा टेबलावर ठेवून तळहाताने हलकेच दाबला तरी जागचा हलत नाही. या कसोटीला तो उतरेपर्यंत कागद हातात घेऊ नये.

मापाविषयी सांगायचे तर वरच्या फुलीच्या दोन कामट्या सोडून २४ कामट्या लागतात आणि सांधे बारा येतात. चौकोनाची बाजू नऊ इंच हवी असेल तर कामटी दहा इंचांची कापावी, म्हणजे दोन्ही टोकांना अर्धा अर्धा इंच गाठीसाठी राहतो. अशा कंदिलाची उंची चौकोनाच्या कर्णाएवढी, म्हणजे पावणेतेरा इंचांच्या आसपास येते. गॅलरीच्या छतापासून कंदील किती खाली येणार, हे आधी मोजून मगच बाजू ठरवावी. चोवीसही कामट्या एकाच जाडीच्या असाव्यात, आणि त्या बांबूच्या सालीकडच्या भागाच्या असतील तर उत्तम. साल कठीण असते. आतल्या गराच्या बाजूला पिष्ट जास्त असल्यामुळे घुणकिडा तिकडूनच शिरतो. पुण्याच्या बुरूड आळीसारख्या ठिकाणी कामट्या तासून मिळतात. आपल्या गावात बुरूडकाम करणारे कोणी असतील तर कामट्या त्यांच्याकडूनच घ्याव्यात, कारण बांबू कोणत्या महिन्यात तोडला होता हे त्यांना विचारता येते. पावसाळ्यानंतर तोडलेल्या आणि काही दिवस पाण्यात बुडवून ठेवलेल्या बांबूला कीड कमी लागते. घरी आणलेल्या कामट्या एक रात्र पाण्यात ठेवून सावलीत वाळवल्या तर बांधताना त्या चिरफळत नाहीत.

आता सुरकुत्यांकडे वळतो. बाटलीतला पांढरा गोंद पतंगी कागदाला मानवत नाही. तो दाट असल्यामुळे सगळीकडे सारखा पसरत नाही, लवकर धरतो, आणि चिकटवलेला कागद सरकवून ताणण्याइतका वेळ मिळत नाही. खळच घ्यावी. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी या प्रमाणात मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. खळीचा पांढरेपणा जाऊन तिला काचेसारखी झाक आली की उतरवावी आणि पूर्ण गार झाल्यावर फडक्यातून गाळून घ्यावी. एका कंदिलाला पाव वाटी मैदा भरपूर होतो. पुस्तकबांधणी करणारे कारागीर किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्यामुळे मुलाबरोबर काम करताना ते घालू नये, त्यापेक्षा दर दोन दिवसांनी ताजी खळ करावी. खळ कागदाला न लावता कामटीला लावावी, कागद वरून ठेवून मधून कडांकडे ताणत न्यावा आणि उरलेली अर्ध्या इंचाची कड कामटीभोवती आत वळवावी. खळ पूर्ण वाळल्यावर दोन हात अंतरावरून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला तर वाळताना कागद आखडतो आणि राहिलेल्या बारीक सुरकुत्या निघून जातात. काही पतंगी कागदांचा रंग पाण्याने उतरतो, तेव्हा आधी एका तुकड्यावर पाहून घ्यावे.

मी हे काम माझ्या मामांकडून शिकलो. ते दिवाळी झाल्यावर कंदिलाचा कागद ओल्या फडक्याने भिजवून सोडवीत आणि सांगाडा माळ्यावर टांगून ठेवीत. पुढच्या वर्षी त्याच सांगाड्यावर नवा कागद, नव्या कागदी करंज्या आणि नव्या झिरमिळ्या चढत. कागद फाटणे हा या कंदिलाचा धर्मच आहे. २०१९ च्या दिवाळीत अवकाळी पावसाने किती घरांचे कंदील भिजले, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हा पावसाचे चिन्ह दिसले की कंदील आत घ्यावा, आणि तरीही फाटलाच तर फक्त फाटलेला त्रिकोण किंवा चौकोन बदलावा. म्हणून शेवटी प्रत्येक रंगाचा एकेक ताव जपून ठेवावा. आणखी एक गोष्ट अशी की जुन्या पिवळ्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते आणि कागदापासून तो चार बोटांवर असला तरी धोका असतो. पाच ते सात वॉटचा एलईडी दिवा या मापाच्या कंदिलाला पुरतो. वडिलांच्या हातचा एखादा जुना सांगाडा माळ्यावर सापडला, तर तो टाकू नये. त्याच्या गाठी सोडून पाहिल्या तर त्यांची बांधण्याची पद्धत आपल्याला कळेल, आणि ती माझ्या वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीचे थर्माकोलचे मखर आहे. आता ते वापरावेसे वाटत नाही. घर एका खोलीचे आहे, त्यामुळे घडी होईल असे पुठ्ठ्याचे मखर करायचे आहे, पण मागच्या वेळी केलेला पुठ्ठा तिसऱ्या दिवशी वाकला. जुन्या थर्माकोलचे काय करावे? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवरील राज्य शासनाची बंदी मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली आणि सजावटीचे थर्माकोलही तिच्यात आले. आपले जुने मखर मोडून त्याचा चुरा करू नये, कारण ते बारीक मणी गटारांतून नदीत जातात. ते जाळूही नये, त्याचा काळा धूर श्वासाला घातक असतो. त्यावर नवा रंग फवारून ते पुन्हा वापरण्याचा विचार असेल तर फवाऱ्याच्या डब्यातील रंगांत असलेल्या द्रावकांनी थर्माकोल विरघळतो आणि खड्डे पडतात. अखंड तुकडे गादीखालच्या पेटीत किंवा माळ्यावर काचसामान ठेवताना आधाराला घालावेत. हे तुकडे घराबाहेर जाणार नाहीत, एवढीच काळजी आपल्या हातात आहे.

पुठ्ठा वाकण्याची कारणे बहुधा दोन असतात. खोक्याचा पुठ्ठा कडेने पाहिला तर दोन कागदांमध्ये नागमोडी थर दिसतो आणि त्यामुळे पुठ्ठ्यात एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक नळ्या तयार झालेल्या असतात. या नळ्या उभ्या असतील तर पुठ्ठा भार घेतो. आडव्या असतील तर तो त्या रेषेवर मुडपतो. म्हणून प्रत्येक खांबासाठी आणि पाठीसाठी पुठ्ठ्याचे दोन थर घ्यावेत, एकाच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून ते खळीने चिकटवावेत आणि रात्रभर सपाट फळीखाली वजन ठेवून दाबावेत. दुसरे कारण रंगाचे आहे. एकाच बाजूला कागद चिकटवला किंवा रंग दिला की वाळताना ती बाजू आखडते आणि पुठ्ठा तिकडे ओढला जातो. कोणी पाहणार नसले तरी मागच्या बाजूलाही तोच कागद आणि तितकाच रंग द्यावा. माझ्या मते घरगुती मखरे बिघडतात ती बहुतेक या मागच्या बाजूकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

वरून लावण्यासाठी घोटीव कागदापेक्षा हातकागद मला अधिक आवडतो. तो सुती चिंध्यांपासून केलेला असल्यामुळे त्याचे तंतू लांब असतात, तो घडीवर तुटत नाही आणि वर्षानुवर्षे पिवळा पडत नाही. जुन्नरचा कागद एके काळी प्रसिद्ध होता, आणि पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासून हे काम करीत आली आहे. मखराचे तीन भाग करावेत, पाठ आणि दोन बाजू, आणि ते जोडताना चिकटपट्टी वापरू नये. जुन्या सुती साडीची दोन इंच रुंद पट्टी खळीत भिजवून सांध्याच्या आतून एक आणि बाहेरून एक लावावी. वहीच्या पाठीला असते तशी ही कापडी बिजागरी होते आणि मखर पुस्तकासारखे मिटते. अनंत चतुर्दशीनंतर ते पुसून, दोन दिवस वाऱ्यावर ठेवून, कोरड्या कडुनिंबाच्या पाल्यासह सुती कापडात गुंडाळावे. खळीमुळे कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागण्याचा संभव असतो, म्हणून दसऱ्याला आणि होळीला एकदा उघडून पाहावे.

प्रश्न : माझ्या आजीने तिच्या लग्नाच्या रुखवतासाठी काचेच्या मण्यांचे तोरण विणले होते. त्यात दोन पोपट, मधे "सुस्वागतम्" आणि खाली झालर आहे. ते सुमारे सत्तर वर्षांचे असावे. दोरा कुजल्यामुळे मणी गळू लागले आहेत. ते पुन्हा ओवता येईल का? (एक वाचक भगिनी, बेळगाव)

उत्तर : ओवता येईल, पण घाई करू नये, आणि आधी धुवू तर मुळीच नये. जुन्या मण्यांपैकी काहींचा रंग काचेत नसून छिद्राच्या आतल्या लेपात असतो आणि साबणाच्या पाण्याने तो निघून जातो. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. एका मोठ्या परातीत पांढरे सुती कापड अंथरून त्यावर तोरण ठेवावे, म्हणजे गळालेला मणी घरंगळत नाही. दोन्ही बाजूंची जवळून छायाचित्रे घ्यावीत आणि मग चौकटीच्या कागदावर एकेक मणी मोजून नक्षी उतरवावी. हे काम कंटाळवाणे आहे. तरी सुस्वागतम् मधील अक्षरांची वळणे आजीने कशी बसवली, जोडाक्षरासाठी किती मणी सोडले, हे त्याशिवाय कळत नाही, आणि एकदा ओळ सुटली की ते कोणालाच सांगता येत नाही.

संपूर्ण तोरण सोडवून पुन्हा विणण्यापेक्षा तुटलेल्या टोकाकडून एकेक ओळ घ्यावी, म्हणजे शेजारची जुनी ओळ मार्गदर्शक राहते. तंगूस वापरू नये. तो उन्हाने कडक होऊन तुटतो आणि त्याची गाठ सरकते. पीळदार पॉलिएस्टरचा बारीक दोरा घेऊन तो मेणावरून दोनदा ओढून घ्यावा, कारण काचेच्या मण्यांच्या कडा धारदार असतात आणि मेणामुळे दोरा कमी कापला जातो. हरवलेल्या मण्यांच्या जागी नवे मणी घालायचे असतील तर ते झालरीत घालावेत, आणि झालरीतून निघालेले जुने मणी पोपटांच्या अंगात वापरावेत. नवा मणी कितीही जुळता असला तरी नक्षीच्या मध्यभागी तो डोळ्याला खटकतो. तोरण लावताना दोन खिळ्यांना दोन टोके बांधू नयेत. वरच्या कडेला मागून सुती पट्टी शिवून तिच्यातून बारीक काठी घालावी, म्हणजे सगळा भार काठी घेते.

एक विनंती करतो. रुखवतात मांडलेल्या अशा वस्तू एका दिवसासाठी सगळ्यांनी पाहिल्या आणि मग ट्रंकेत गेल्या. त्यांच्यावर करणारीचे नाव कधी लिहिले गेले नाही. त्या सुती पट्टीच्या मागे आजीचे पूर्ण नाव, तिचे माहेरचे गाव आणि वर्ष धाग्याने भरून ठेवावे, आणि शेजारी आपले नाव व दुरुस्तीचे वर्षही लिहावे. जुन्या दोऱ्याचा एक तुकडाही कागदात घडी करून जपावा.

प्रश्न : वारली चित्रे काढलेले कंदील करून ओळखीत विकावेत असा विचार आहे. गेल्या वर्षी पतंगी कागदावर पांढऱ्या रंगाने चित्रे काढली, पण रात्री ती काळी दिसत होती. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पांढरा रंग प्रकाश अडवतो, म्हणून दिवा मागे असला की तो काळाच दिसणार. चित्र उजळ हवे असेल तर जाड कागदातून आकृत्या कापून काढाव्यात आणि मागून पिवळा पतंगी कागद लावावा.

विक्रीविषयी मात्र माझे मत निराळे आहे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढली जाणारी ही चित्रे मूळची सजावटीची नव्हेत. लग्नाच्या वेळी सवासिनी लग्नचौक लिहितात आणि त्या चौकात पालघाट देवी असते. १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली आणि जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला आता भौगोलिक मानांकनाचे संरक्षणही आहे, त्यामुळे ते नाव वापरून कोणीही माल विकावा, अशी मोकळीक नाही. घरच्या कंदिलासाठी मुलांबरोबर तारपा नाच जरूर काढावा, लग्नचौक काढू नये. विकायचेच असेल तर डहाणू, तलासरी किंवा जव्हारच्या एखाद्या वारली चित्रकाराकडून योग्य मोबदला देऊन चित्रे काढून घ्यावीत, कंदील आपण बांधावा आणि त्यावर दोघांची नावे घालावीत.

प्रश्न : चौथ्या मजल्यावरच्या तीन फूट रुंद बाल्कनीत मुलीला किल्ला करायचा आहे. सोसायटी मातीला नाही म्हणते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : सोसायटीचे म्हणणे अगदीच चूक नाही, कारण एक घनफूट ओली माती साधारण पन्नास किलो भरते. किल्ला आतून पोकळ करावा. खाली जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर उपड्या कुंड्या आणि खोकी, आणि त्यांवर लाल मातीच्या पातळ चिखलात बुडवलेले गोणपाट टाकावे. वाळले की डोंगराच्या घड्या आपोआप दिसतात आणि माती दोन घमेल्यांत भागते. हळीव अर्धा तास भिजवून मग उतारावर लावावेत. भिजल्यावर त्यांना बुळबुळीत आवरण येते आणि त्यामुळे ते उभ्या उतारावरही चिकटून राहतात. वसुबारसेच्या सहा-सात दिवस आधी लावले तर दिवाळीत हिरवळ दाट येते. मुलीला "किल्ला" न सांगता एखादा नेमका किल्ला सांगावा. राजगड घेतला तर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला तीन फुटांच्या जागेत चांगला बसतो, आणि नकाशा समोर ठेवून काम केले की तिला गड पायी चढावासा वाटेल.

प्रश्न : आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. इथे कामट्या आणि पतंगी कागद मिळत नाहीत. भारतातून कंदील आणला तर तो सामानात चेपतो. (एक वाचक दांपत्य)

उत्तर : पतंगी कागद आपल्याला तिथे नक्की मिळेल. ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला जर्मनीतील मुले हाताने केलेले कागदी कंदील घेऊन संध्याकाळी मिरवणुकीने निघतात आणि त्यासाठी शरद ऋतूत हस्तकलेच्या दुकानांत पातळ रंगीत पारदर्शक कागद येतो. त्यातील एका प्रकाराचे नाव "द्राखनपापिअर" असे आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ पतंगाचा कागद असाच होतो. कामट्यांऐवजी शेगडीवर भाजण्यासाठी मिळणाऱ्या तीस सेंटिमीटर लांबीच्या बांबूच्या सळया घ्याव्यात. त्या गोल असल्यामुळे गाठ घसरते, म्हणून दोन्ही टोके पॉलिश कागदाने थोडी चपटी करून घ्यावीत. गाठीचा भाग वगळता अठ्ठावीस सेंटिमीटरची बाजू मिळते आणि कंदील सुमारे चाळीस सेंटिमीटर उंच होतो. बांधण्याची रीत वर डोंबिवलीच्या वाचकांना सांगितली आहे तीच. पुढच्या वेळी भारतातून कामट्याच न्यायच्या असतील तर पूर्ण कंदील नेऊ नये. सहा चौकोन वेगवेगळे बांधून, एकावर एक सपाट ठेवून कपड्यांच्या मधे घालावेत आणि बारा सांध्यांसाठी मेण लावलेला दोरा सोबत द्यावा. घरी पोहोचल्यावर सांगाडा उभा करायला एक तास पुरतो.